जिल्हा कबड्डी संघटनेकडे नोंदणीकृत खेळाडूंसाठी गट अपघात विम्याची मागणी : ठरावाचा मसुदा आणि चर्चा

निदानरेषा

यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत जिल्हा संघटनेपुढे एक ठराव मांडायचा विचार आहे. संघटनेकडे नोंद असलेल्या प्रत्येक खेळाडूला, पंचाला आणि प्रशिक्षकाला वार्षिक नोंदणीसोबतच गट अपघात विमा मिळावा. आज नोंदणीच्या बदल्यात खेळाडूला ओळखपत्र मिळतं आणि जिल्हा अजिंक्यपद व निवड चाचणी खेळायचा हक्क मिळतो. एवढंच. गुडघा गेला तर खर्च घरचा, नाहीतर मंडळाची वर्गणी.

कच्चा हिशेब असा. उदाहरणासाठी ८० संलग्न संघ धरा, प्रत्येकी १२ खेळाडू म्हणजे ९६०. पंच, गुणलेखक, प्रशिक्षक मिळून ४०. एकूण १,००० माणसं. दरडोई १५० रुपये हप्ता धरला तर दीड लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी २७,०००, म्हणजे १ लाख ७७ हजार. डोई १७७ रुपये. (१५० हा आकडा फक्त हिशेबापुरता. खरा दर कोटेशन आल्यावरच कळेल.) सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, पण गट पॉलिसीवर तो कायम आहे. हे खजिनदारांना आधीच सांगून ठेवायला हवं, नाहीतर सभेत कोणीतरी "जीएसटी माफ झालाय ना?" म्हणून उठणारच.

मसुदा पक्का करण्याआधी जाणकारांनी चिरफाड करावी. विशेषतः विमा क्षेत्रातल्या आणि संघटनेच्या कारभारातल्या लोकांनी.

डावा कोपरा

विरोध नाही, पण एक सरळ प्रश्न. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत आहे. मृत्यू किंवा पूर्ण कायमचं अपंगत्व आलं तर २ लाख, अंशतः कायमचं असेल तर १ लाख. बँकेत एक फॉर्म भरला की दरवर्षी हप्ता आपोआप कापला जातो. मग संघटनेने पावणेदोन लाख कशाला घालायचे? सगळ्यांना फॉर्म भरायला लावा, विषय संपला. शिवाय राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना महात्मा फुले योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेतच.

अटी_लागू

डावा कोपरा, तुमचा प्रश्न योग्य आहे. सभेतही तो पहिला येईल, म्हणून उत्तर नीट देतो.

सुरक्षा विमा योजना १८ ते ७० वयासाठी आहे. आपले किशोर गटाचे सगळे आणि कुमार गटातले बरेच खेळाडू तिथेच बाहेर पडतात. दुसरं, ती दवाखान्याच्या बिलाचा एक रुपयाही देत नाही. तिसरं, खाती वेगवेगळ्या बँकांत, ३१ मेला खात्यात २० रुपये नसले की १ जूनपासून संरक्षण बंद, आणि संघटनेला पत्ताही लागत नाही. तरीही १८ वर्षांवरच्या प्रत्येकाने ती घ्यावीच. मृत्यू व अपंगत्वाची रक्कम दोन्हीकडून मिळते, एकीकडून मिळाली म्हणून दुसरीकडची कापली जात नाही. दवाखान्याचं बिल मात्र एकदाच वसूल होतं, कारण मूळ पावत्या एकाच ठिकाणी जातात.

महात्मा फुले योजना मोठी आहे, पण ती ठरलेल्या उपचारांना आणि यादीतल्या रुग्णालयांनाच लागू आहे. दुखापत झाल्यावर आधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या प्रतिनिधीला) विचारायचं, मग दाखल व्हायचं. उलट केलं की अडतं.

आता मूळ प्रस्तावातली खरी अडचण. निदानरेषा, तुम्ही नुसतं "गट अपघात विमा" लिहिलंय. असा ठराव मंजूर झाला तर एजंट सगळ्यात स्वस्त पॉलिसी आणेल. तिच्यात चार कलमं असतात : अपघाती मृत्यू, पूर्ण कायमचं अपंगत्व, अंशतः कायमचं अपंगत्व, आणि फार तर तात्पुरत्या अपंगत्वाचा साप्ताहिक भत्ता. अंशतः अपंगत्वाचा एक तक्ता असतो. एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर ५० टक्के, बोटांना त्याहून कमी, असा. त्या तक्त्यात फाटलेला लिगामेंट कुठेच नाही. निखळलेला खांदा नाही. प्लास्टर घालून सहा आठवड्यांत बरं होणारं बोट नाही. म्हणजे कबड्डीत रोज होणाऱ्या दुखापतीला पॉलिसी शून्य देणार, आणि दोन वर्षांनी खेळाडू म्हणणार, "विमा म्हणजे फसवाफसवी."

यावर एजंट म्हणेल की वैद्यकीय खर्चाचं कलम जोडून देतो. तेही वाचून घ्या. जुन्या धाटणीच्या पॉलिसीत ते असं असतं : मंजूर दाव्याच्या ४० टक्के किंवा विमा रकमेच्या १० टक्के, यांतलं जे कमी असेल ते. टक्के पॉलिसीगणिक बदलतात, पण गोम "मंजूर दाव्याच्या" या शब्दांत आहे. मुख्य दावाच शून्य असेल तर शून्याचे ४० टक्के किती? म्हणून मागणी करताना "मुख्य दाव्यावर अवलंबून नसलेला अपघाती वैद्यकीय खर्च" असं स्पष्ट लिहायचं. आणि "बाह्यरुग्ण उपचारांसह" हेही, कारण बोटाचं प्लास्टर घालायला कोणी २४ तास दाखल होत नाही. काही कंपन्या हाड मोडल्यास ठरावीक रक्कम देणारं फ्रॅक्चरचं कलम देतात, तेही कोटेशनमध्ये मागा.

टेपपट्टी

फिजिओच्या बाजूने थोडं. कुठल्या दुखापती झाकायच्या हे ठरवायला त्या होतात कशा ते पाहावं लागतं.

चढाईपटूचा पाय मॅटवर रुतलेला असतो, बुटाची पकड घट्ट, आणि कोपरारक्षक घोटा धरतो. वरचं शरीर मध्यरेषेकडे वळतं, खालचा पाय जागीच राहतो, पीळ सगळा गुडघ्यात. पुढचा क्रूसीय बंध, म्हणजे सगळे ज्याला एसीएल म्हणतात तो, तिथे फाटतो. मातीवर पाय थोडा घसरतो, त्यामुळे तिथे खरचटणं आणि घोटा मुरगळणं जास्त दिसतं. साखळीत हात गुंतलेला असताना चढाईपटूने जोर मारला की बचावपटूचा खांदा निखळतो. पकडीत आणि हात मारताना बोटं मोडतात.

विम्याच्या दृष्टीने एसीएल सगळ्यात अवघड. शस्त्रक्रिया लगेच करत नाहीत. सूज उतरेपर्यंत, गुडघा पूर्ण सरळ होईपर्यंत काही आठवडे थांबतात. म्हणजे सामना एका महिन्यात, एमआरआय पुढच्या महिन्यात, शस्त्रक्रिया त्याच्याही नंतर. मधल्या काळात कागद तयार नसले तर कंपनी म्हणते, ही जुनी दुखापत. त्यात पहिले पंधरा दिवस हाडवैद्याकडे लेप लावण्यात गेले असतील तर पहिला वैद्यकीय कागदच नसतो. हाडवैद्याकडे जा किंवा जाऊ नका, पण २४ तासांच्या आत एकदा एमबीबीएस किंवा अस्थिरोग डॉक्टरला दाखवून केसपेपर काढा.

केसपेपरवर काय लिहिलंय ते तिथेच वाचा. "पडून गुडघा दुखतो" आणि "अमुक तारखेला कबड्डी सामन्यात पकडीच्या वेळी उजव्या गुडघ्याला मार" यांत दावा मिळणं-न मिळण्याचा फरक आहे.

एसीएलनंतर परत मैदानात यायला नऊ महिने धरून चाला, आणि त्यातला मोठा खर्च फिजिओथेरपीचा असतो. तो बहुतेक पॉलिसी देत नाहीत. त्यासाठी वेगळा निधी हवा.

हिशेबनीस

विम्याचं ठीक आहे. पण हा ठराव आणणार कोण? इथे नव्वद टक्के प्रस्ताव मार खातात.

जिल्हा संघटनेच्या घटनेप्रमाणे "सभासद" म्हणजे संलग्न संघ आणि मंडळं. खेळाडू सभासद नसतो, तो नोंदणीकृत असतो. सभेत बसायचा आणि मत द्यायचा अधिकार संघाच्या प्रतिनिधीला. म्हणून खेळाडूंच्या सह्यांचं निवेदन कितीही लांबलचक असलं तरी ते निवेदनच. ठरावाला सूचक आणि अनुमोदक दोन्ही संलग्न संघांचे अधिकृत प्रतिनिधी लागतात.

मग मुदत. घटनेत ठरावाची सूचना सभेच्या किती दिवस आधी सरचिटणिसांकडे पोहोचायला हवी ते लिहिलेलं असतं. ते कलम काढा, त्याहून आठ दिवस आधी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय" यात हा विषय घुसवू नका. पैशाचा विषय विषयपत्रिकेवर नसताना मंजूर झाला तर पुढे एखादा नाराज संघ धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करतो आणि सगळं लटकतं.

घटनेतली उद्दिष्टं वाचा. "खेळाडूंचे हित, कल्याण, साहाय्य" असा काही मजकूर असेल तर साधा ठराव पुरतो. नसेल तर उद्दिष्ट बदलावं लागेल, आणि सोसायटी नोंदणी कायदा १८६० च्या कलम १२ प्रमाणे त्याला विशेष सभा, तीन पंचमांश मतं, आणि एक महिन्याच्या अंतराने दुसरी सभा घेऊन पुन्हा तीन पंचमांश मतं लागतात. एक हंगाम त्यातच जाईल. बहुतेक घटनांत कल्याणाचा शब्द कुठेतरी असतो, तो शोधा.

पैसे कुठून, हेही ठरावातच हवं. नोंदणी शुल्क वाढवायचं असेल तर शुल्क ठरवायचा अधिकार कार्यकारिणीचा की सर्वसाधारण सभेचा, ते पाहा. दुसरा मार्ग म्हणजे निमंत्रित स्पर्धांच्या परवानगी शुल्कात थोडी वाढ. हा मला जास्त पटतो. लाखाची बक्षिसं लावणाऱ्या मंडळाला पाचशे-हजार जड नाहीत, वाडीतल्या खेळाडूला २०० जड असू शकतात.

निदानरेषा

हिशेबनीस, परवानगी शुल्काचा मुद्दा घेतला. खेळाडूकडून १००, बाकी परवानगी शुल्कातून, असं करता येईल.

टेपपट्टींनी म्हटलेल्या निधीबद्दल : असं नियमात लिहिलं तर? "खेळाडूने वर्षाला २५ रुपये द्यावेत, फ्रॅक्चरला ५,०००, लिगामेंटला २०,००० संघटना देईल."

अटी_लागू

असं अजिबात लिहू नका. ठरावीक वर्गणी घेऊन ठरावीक घटनेला ठरावीक रक्कम द्यायचं वचन म्हणजे विमाच झाला, आणि विमा कायदा १९३८ प्रमाणे नोंदणीशिवाय तो धंदा करता येत नाही. हेतू चांगला असला तरी. निधी "साहाय्य निधी" म्हणूनच ठेवा. वर्गणी आणि मदत यांचा थेट संबंध नको, अर्ज आल्यावर तीन जणांची समिती उपलब्ध रकमेतून ठरवेल, मदत हा हक्क नाही, आणि एका व्यक्तीला एका वर्षात जास्तीत जास्त किती याची मर्यादा. एवढं पुरे.

पावतीवरही दोन ओळी वेगळ्या हव्यात. कंपनीला जेवढा हप्ता जातो तेवढाच "विमा हप्ता" म्हणून खेळाडूकडून घ्यायचा. त्यावर संघटनेने नफा काढायचा नाही, तो गट विम्याच्या नियमांत बसत नाही. "विमा शुल्क २००" अशी एकच पावती फाडून त्यातले काही निधीत टाकलेत तर अडचणीत याल.

पॉलिसीच्या अटींत आणखी तीन गोष्टींवर बोट ठेवतो.

पहिली, २४ तास की फक्त सामन्यापुरती? फक्त सामना-सराव असा विमा स्वस्त पडतो, पण मोठा अपघात मैदानावर क्वचित होतो. तो रात्री दोन वाजता स्पर्धा आटपून परतताना रस्त्यावर होतो. संघ मालवाहू टेम्पोच्या हौद्यात बसून गेला असेल तर टेम्पोच्या मोटार विम्यातून मागच्या माणसांना भरपाई मिळणं फार कठीण. तिथे हा अपघात विमाच उपयोगी पडेल. म्हणून २४ तासांचाच घ्या. मात्र दारू पिऊन किंवा परवान्याशिवाय गाडी चालवणाऱ्याला तोही मिळणार नाही.

दुसरी, "व्यावसायिक खेळाडू" हा अपवाद बऱ्याच पॉलिसींत असतो. आपल्याकडे स्थानिक स्पर्धेत रोख बक्षीस मिळतं, काही खेळाडू कंपनीच्या किंवा बँकेच्या संघात नोकरीला आहेत. दाव्याच्या वेळी यावर वाद नको. "संघटनेच्या व संलग्न संघांच्या सामने, सराव व निवड चाचणीतील कबड्डी खेळणे समाविष्ट, रोख बक्षीस असले तरी" असं पृष्ठांकन, म्हणजे पॉलिसीला जोडलेली दुरुस्ती, लेखी घ्या. एजंटचं तोंडी "हो हो, चालतं" नको.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची : मैदानावर हृदयविकाराने मृत्यू झाला तर अपघात विमा काही देत नाही. तो अपघात धरत नाहीत. बाहेरून, अचानक, दिसेल अशा कारणाने इजा झाली तर अपघात. हे सभेतच सांगा. पन्नाशीच्या आतल्या पंच-प्रशिक्षकांसाठी प्रधानमंत्री जीवन ज्योती योजना सुचवा. वर्षाला ४३६ रुपये, कोणत्याही कारणाने मृत्यू झाल्यास २ लाख, प्रवेशाचं वय १८ ते ५०. पहिले ३० दिवस अपघाताखेरीजचा मृत्यू धरत नाहीत.

तिसरी_चढाई

मुलींच्या आणि लहानांच्या बाजूचे दोन मुद्दे सुटलेत.

साप्ताहिक भत्ता उत्पन्नावर बेतलेला असतो. कॉलेजमधल्या मुलीला किंवा घरी असलेल्या खेळाडूला कंपनी म्हणते, तुमचं उत्पन्नच नाही तर बुडालं काय? आपल्या यादीत विद्यार्थी जास्त. मग त्या कलमाला पैसे मोजण्याऐवजी वैद्यकीय खर्चाची मर्यादा वाढवून घ्यावी.

१८ खालच्यांसाठी कंपन्या मृत्यूची रक्कम कमी ठेवतात, त्याला हरकत नाही. पण वैद्यकीय खर्चाची मर्यादा मोठ्यांएवढीच मागा, गुडघ्याची शस्त्रक्रिया सोळाव्या वर्षी स्वस्त होत नाही. पालकांची लेखी संमती घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही १८ खालच्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. आणि हात जोडून विनंती, मुलींच्या आधार कार्डांचे फोटो संघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मागवू नका. संघ व्यवस्थापकाने एक्सेल भरून एकाच ईमेलवर पाठवावी.

नावांचा घोळ धरूनच चाला. लग्नानंतर आधारवर नाव बदललेलं, नोंदणीत माहेरचं, बँकेत तिसरंच. वारसाचं नाव आणि नातं रिकामं. दाव्याच्या वेळी हे निस्तरायला महिने जातात.

गुणलेखक

यादीचा नमुना देतो, कोणत्याही कंपनीला साधारण हेच लागतं : नोंदणी क्रमांक, आधारप्रमाणे पूर्ण नाव, जन्मतारीख, लिंग, संघ, मोबाइल, वारसाचं नाव, वारसाशी नातं, वारस अज्ञान (१८ खालचा) असेल तर पालकाचं नाव. जन्मतारखेच्या रकान्यात दिवस-महिना-वर्ष एकाच पद्धतीने लिहा, नाहीतर ०५-०८ चा ऑगस्ट होतो आणि मेही होतो.

एक गंमत होईल. वयोगटासाठी दिलेला दाखला आणि आधारवरची जन्मतारीख जुळत नसलेली नावं या यादीत आपोआप वर येतील. काही संघांचा विरोध "विम्याची गरज काय" या भाषेत येईल, कारण वेगळं असेल.

मैदानावर करायचं काम : दुखापत झाली की सामना चालू असतानाच गुणपत्रकाच्या शेऱ्यात वेळ, खेळाडूचा क्रमांक, कोणत्या अवयवाला मार लागला आणि तो बदलला गेला का, हे लिहायचं. खाली सरपंचाची, म्हणजे सामन्याच्या मुख्य पंचाची, सही. त्याच दिवशी पानाचा फोटो काढून ठेवायचा, कारण स्पर्धा संपल्यावर गुणपत्रकं मंडळाच्या कपाटात जातात आणि सापडत नाहीत. सरावातल्या दुखापतीसाठी संघाने एक साधी हजेरी वही ठेवावी, तारीख आणि प्रशिक्षकाची सही. सरावाचा दावा त्यावरच टिकतो.

दाव्याची फाइल : कंपनीचा फॉर्म (मागचं पान उपचार करणाऱ्या डॉक्टरने भरायचं), पहिला केसपेपर, एक्स-रे किंवा एमआरआयचा अहवाल आणि फिल्म, डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं आणि औषधांच्या पावत्या डॉक्टरच्या चिठ्ठीसह, गुणपत्रकाची प्रत, संघटनेचं पत्र, रद्द केलेला धनादेश. अपघाती मृत्यू असेल तर एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल. कळवायची मुदत पॉलिसीत असते. ती न पाहता ४८ तासांत ईमेल टाकायची सवय लावा, कागद नंतर जातील.

डावा कोपरा

माझी हरकत मागे घेतो, पण व्यवहाराचा एक प्रश्न. नोंदणी एकाच दिवशी होत नाही. जिल्हा अजिंक्यपदाच्या आदल्या आठवड्यापर्यंत संघ नावं देत असतात. मधल्या नावांचं काय? आणि संघबदल झाला तर?

अटी_लागू

संघबदलाने काही बिघडत नाही, खेळाडू जिल्ह्याच्या यादीत असला म्हणजे झालं. दुसऱ्या जिल्ह्यात गेला तर मात्र वगळायचा.

नव्या नावांसाठी कंपनीकडे संघटनेचं ठेव खातं, म्हणजे ज्याला सीडी खातं म्हणतात ते, उघडून त्यात थोडी रक्कम आगाऊ ठेवायची. नाव ईमेलने कळवलं की उरलेल्या मुदतीचा हप्ता त्यातून वळता होतो. त्यात पैसे नसतील तर संरक्षण सुरूच होत नाही. विमा कायद्याचं कलम ६४ व्हीबी हेच सांगतं : आधी हप्ता, मग जोखीम. आठवड्यातून एक दिवस ठरवा, समजा सोमवार, त्या दिवशी सगळी नवी नावं एकत्र पाठवायची. आणि ओळखपत्र द्यायचं ते नाव पृष्ठांकनात आल्यावरच. प्रत्येकाला विमा प्रमाणपत्र मिळालं पाहिजे, नुसतं "यादीत आहे" म्हणणं पुरत नाही.

पॉलिसीची सुरुवात १ ऑक्टोबरला ठेवा. पावसाळ्यात मातीवरचे सामने बंद असतात, तेवढ्यात नोंदणी उरकते. हिशेब ३१ मार्चला बंद, लेखापरीक्षण सहा महिन्यांच्या आत, त्यामुळे सभा ऑगस्ट-सप्टेंबरला येते आणि वेळ जुळते.

कोटेशन किमान तीन मागवा, त्यातलं एक तरी सरकारी कंपनीचं : न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल, युनायटेड इंडिया. सगळ्यांना एकच मागणीपत्र द्या, नाहीतर तुलना होत नाही. दावा नाकारला गेला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी, महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे इथे कार्यालयं आहेत, वकील लागत नाही, फी नाही.

निदानरेषा

सगळ्यांचं धरून मसुदा बदलला :

"ठराव : संघटनेकडे नोंद असलेले सर्व खेळाडू, पंच, गुणलेखक व प्रशिक्षक यांच्यासाठी दरवर्षी १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर या मुदतीचा २४ तासांचा गट अपघात विमा घेण्यात यावा. त्यात अपघाती मृत्यू, कायमचे अपंगत्व, फ्रॅक्चर व मुख्य दाव्यावर अवलंबून नसलेला अपघाती वैद्यकीय खर्च (बाह्यरुग्ण उपचारांसह) यांचा समावेश असावा. रोख बक्षीस असलेल्या परवानाप्राप्त स्पर्धा व सराव यांचा समावेश पॉलिसीत लेखी असावा. हप्त्यापैकी १०० रुपये खेळाडूकडून व उर्वरित रक्कम स्पर्धा परवानगी शुल्कातून भरावी. विमा हप्त्याची पावती स्वतंत्र असावी. याशिवाय खेळाडू साहाय्य निधी स्वतंत्र खात्यात सुरू करून त्याचे नियम कार्यकारिणीने तीन महिन्यांत करावेत. किमान तीन कंपन्यांची कोटेशने मागवून निवड करण्याचा अधिकार सरचिटणीस, खजिनदार व सभेने निवडलेले दोन संघ प्रतिनिधी यांच्या समितीस देण्यात येत आहे."

सोबत एका पानाचा हिशेब आणि एक कोटेशन जोडतो. सूचक मिळाला आहे. अनुमोदक शक्यतो महिला संघाचा हवा. तिसरी_चढाई, तुमच्याकडून विचारून पाहाल का?

तिसरी_चढाई

विचारते. "पंच" नंतर "संघ व्यवस्थापक" घाला, टेम्पोत तेही असतात.

हिशेबनीस

आणि "तीन महिन्यांत" च्या पुढे "व पुढील सभेत सादर करावेत" एवढं जोडा. नाहीतर ते नियम कधीच होणार नाहीत.